संदर्भ वायू आणि प्रमाण पाणी

शिंपल्यातील जड ऑक्सिजन-१८ आणि हलका ऑक्सिजन-१६ यांच्या गुणोत्तरावरून प्राचीन समुद्राचे तापमान काढतात. या मापनात ‘प्रमाण’ आणि ‘संदर्भ’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. प्रमाण म्हणजे व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे सागरी पाणी. त्यात ऑक्सिजन-१६च्या दहा लाख अणूंमागे ऑक्सिजन-१८चे सुमारे २००५ अणू असतात. संदर्भ वायू मात्र यंत्राला जोडलेल्या सिलिंडरमधला, बहुधा कार्बन डायऑक्साइड. विक्रेता ९९.९९९ टक्के शुद्धता सांगतो, पण ती रासायनिक. गुणोत्तर तिच्यातून कळत नाही. ते प्रमाणाशी ताडून प्रयोगशाळेनेच ठरवायचे. सिलिंडरमध्ये द्रव असेल तर वापरागणिक वायूचे गुणोत्तर सरकते. म्हणून द्रव होणार नाही इतक्या कमी दाबाने भरलेला सिलिंडर मागवावा.