ओसाकाचा थरथरता चीजकेक

ओसाका शहराच्या नाम्बा भागातील ‘रिकुरो ओजिसान’ या दुकानात दिवसभर थोड्या थोड्या वेळाने घंटा वाजते. भट्टीतून चीजकेकचा नवा घाणा निघाल्याची ती वर्दी. केकच्या सोनेरी पाठीवर तापलेल्या ठशाने हसऱ्या काकांचा चेहरा उमटवतात आणि केक गरम असतानाच खोक्यात भरतात. १९८४ पासून विकला जाणारा हा केक आज ओसाकाची ओळख बनला आहे. तळाशी बेदाणे असतात. दुकानात एक रांग नुकत्याच निघालेल्या केकसाठी आणि दुसरी थोड्या आधी भाजलेल्यासाठी असते. दुसरी भराभर सरकते, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने पहिलीतच उभे राहावे.

ताजेपणाचे एवढे महत्त्व का, हे कृती पाहिली की कळते. अमेरिकी चीजकेक क्रीम चीजने गच्च भरलेला आणि जड असतो, खाली बिस्किटांच्या चुऱ्याचा थर असतो. जपानी केकमध्ये क्रीम चीज, दूध, लोणी, अंड्याचा पिवळा बलक आणि अगदी थोडा मैदा यांचे पातळसर मिश्रण करतात. पांढरा बलक साखर घालून वेगळा फेटतात आणि तो फेस हलक्या हाताने त्यात मिसळतात. केक फुलतो तो मुख्यतः या फेसातल्या बुडबुड्यांमुळे. मग साचा गरम पाण्याच्या पसरट भांड्यात ठेवून मंद आचेवर भाजतात. पाणी १०० अंश सेल्सियसच्या वर तापत नाही, म्हणून कडा करपत नाहीत आणि अंडे सावकाश शिजते. आच वाढली तर केक झपाट्याने फुगतो, वर तडे जातात आणि बाहेर काढताच तो बसतो. उत्तम जमलेला केकही निवताना थोडा आक्रसतोच. गरम असताना तो ताज्या खरवसासारखा थरथरतो. फ्रिजमध्ये ठेवल्यावर हा हलकेपणा जातो, पण केक घट्ट व ओलसर होतो आणि चीजची चव अधिक स्पष्ट लागते. तोही प्रकार चांगलाच, फक्त वेगळा.

जपानमधल्या चीजकेकला जर्मन धागाही आहे. कोबे शहरातील मोरोझोफ ही १९३१ साली सुरू झालेली चॉकलेट कंपनी. तिच्या अध्यक्षांनी बर्लिनमध्ये तिथला चीजकेक चाखला आणि १९६९ पासून कंपनीने क्रीम चीजचा केक विकायला घेतला.

चीज भरलेल्या टार्टची दुकाने मात्र अलीकडची. ओसाकातच २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘पाब्लो’ने स्टेकप्रमाणे चीज टार्टलाही ‘रेअर’ आणि ‘मीडियम’ अशा पायऱ्या दिल्या: पहिल्याचा गाभा वाहता, दुसऱ्याचा जरा घट्ट. ‘बेक’ या दुकानाचे मूळ होक्काइदो बेटावरच्या साप्पोरो शहरातील ‘किनोतोया’ या मिठाईवाल्यांकडे आहे. त्यांनी २०१४ मध्ये टोकियोच्या शिंजुकू स्थानकाजवळ फक्त चीज टार्टचे दुकान थाटले. तिथे टार्टची वाटी आधी भाजतात, मग चीजचे मऊ मिश्रण भरून पुन्हा भाजतात. कुरकुरीत वाटी आणि विरघळणारा गाभा एकाच घासात मिळावा, यासाठी हा दुहेरी खटाटोप. चीज टार्ट गरम, गार किंवा गोठवलेला, कसाही खातात. पण वाटीचा खरा कुरकुरीतपणा पहिल्या काही तासांतच असतो.

जपानी मिठाईच्या दुकानात केक बांधताना विक्रेता बहुधा विचारतो, घरी पोचायला किती वेळ लागेल? उत्तरानुसार खोक्यात बर्फाची पाकिटे ठेवली जातात. तिथेच बसून खाणार की नेणार, हेही विचारतात, कारण ऑक्टोबर २०१९ पासून नेण्याच्या खाद्यपदार्थांवर ८ टक्के आणि तिथेच खाल्ल्यास १० टक्के कर लागतो.

शाकाहारी वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. फुललेल्या चीजकेकमध्ये अंडे असतेच. न भाजता थंड करून घट्ट केलेल्या, ‘रेअर चीजकेक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारात बहुधा प्राणिजन्य जिलेटिन असते. त्यामुळे घटक विचारूनच खरेदी करावी.