तांत्रिक प्रबंधाचे लेखन व मांडणी

तांत्रिक प्रबंध हा विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रज्ञान या शाखांतील पदवीसाठी विद्यापीठाला सादर केला जाणारा संशोधनपर ग्रंथ होय. परीक्षकाला आणि पुढील संशोधकाला त्यातील प्रत्येक निष्कर्ष पडताळता यावा, हा त्याच्या लेखननियमांचा मुख्य हेतू असतो. समासाची रुंदी, अक्षराचा आकार यांसारख्या बाबी विद्यापीठागणिक बदलतात. बांधणीसाठी डावा समास बहुधा अधिक रुंद ठेवतात.

==भाषा व परिमाणे==
ललित लेखनात पुनरुक्ती दोष मानली जाते. प्रबंधात मात्र एका संकल्पनेसाठी अखेरपर्यंत एकच संज्ञा वापरणे आवश्यक असते. एका प्रकरणात 'प्रतिबल' आणि दुसऱ्यात त्याच अर्थाने 'ताण' आल्यास वाचक त्या दोन भिन्न राशी समजतो, आणि यामिकीत त्या खरोखरच भिन्न आहेत. 'नमुना पुरेसा तापवला' या वाक्यावरून प्रयोग पुन्हा करता येत नाही. तापमान व कालावधी द्यावे लागतात.

प्रत्येक संख्येसोबत एकक हवे. 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे अंतराळयान १९९९ मध्ये नष्ट झाले, कारण एका संगणकप्रणालीने पाउंड-सेकंदांत दिलेली मूल्ये दुसरीने न्यूटन-सेकंद म्हणून वापरली. उपकरणाच्या अचूकतेपलीकडचे दशांश लिहिणे हाही दोषच, कारण न केलेल्या मोजमापाचा तो दावा ठरतो.

==आकृत्या व संदर्भ==
सारणीचे शीर्षक सहसा वर, तर आकृतीचे खाली देतात. आलेखातील रेषा केवळ रंगाने वेगळ्या दाखवू नयेत. कृष्णधवल छायाप्रतीत तो भेद नाहीसा होतो.

आयट्रिपलई पद्धतीत संदर्भांना उल्लेखाच्या क्रमाने चौकटी कंसात अंक देतात, तर एपीए पद्धतीत लेखकाचे आडनाव व वर्ष देतात. अंकपद्धतीत मध्येच एक संदर्भ वाढला, की पुढील सर्व क्रमांक बदलतात. लेटेक ही अक्षरजुळणी प्रणाली बिबटेकच्या साहाय्याने हे काम आपोआप करते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ती १९८० च्या दशकात डोनाल्ड क्नुथ यांच्या टेक प्रणालीवर उभारली.

==वाङ्मयचौर्य==
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत सुधारित प्रबंध कमाल ६ महिन्यांत द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांसाठी एक वर्ष तो सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची आणि प्रमाणित समीकरणे या मोजणीतून वगळली जातात.