आधी अंतर मोजा, मग लेन्स घ्या

रानपिंगळा जेमतेम २३ सेंटिमीटरचा. शंभराहून अधिक वर्षं तो कुणाला दिसला नव्हता, नामशेषच झाला असं धरून चालले होते. १९९७ साली शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा सापडला. यावलच्या अभयारण्यातही त्याची नोंद आहे. हे घुबड दिवसाउजेडीही वावरतं, त्यामुळे जळगाव-धुळ्याकडच्या ज्याने नवा कॅमेरा घेतला, त्याला सातपुड्याची ओढ लागणं साहजिक आहे. पहिला हिरमोडही बहुधा तिथेच होतो. पक्षी वीस मीटरवर बसलेला असतो, डोळ्यांना नीट दिसतो, आणि फोटोत मात्र फांदीवर एक तपकिरी ठिपका. मग दुकान गाठलं जातं, ‘मोठी झूम लेन्स’ मागितली जाते आणि हप्ते सुरू होतात.

हा ठिपका केवढा येणार, हे घरबसल्या काढता आलं असतं. लेन्सवर जो मिलिमीटरचा आकडा असतो, ते तिचं नाभीय अंतर. लहानपणी भिंगाने कागद जाळताना उन्हाचा ठिपका बारीक होईपर्यंत भिंग वरखाली करायचो, तेव्हा कागद आणि भिंग यांच्यात जे अंतर उरायचं, तेच हे. हिशेब सोपा आहे. वस्तूच्या आकाराला नाभीय अंतराने गुणा आणि वस्तू जितकी दूर आहे त्याने भागा. २३० मिलिमीटरचा पक्षी, कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ची लेन्स ५५वर, अंतर २०,००० मिलिमीटर. उत्तर येतं ०.६३ मिलिमीटर. नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरची उंची साधारण साडेपंधरा मिलिमीटर असते, म्हणजे पक्षी चित्राच्या पंचविसाव्या भागाएवढा. ३०० मिलिमीटरची लेन्स लावली, तर तोच साडेतीन मिलिमीटरचा होतो, चित्राच्या पाचव्या भागाहून थोडा मोठा.

हे शाळेतलं त्रैराशिक आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख आहे, म्हणजे खान्देशाला त्रैराशिक कुणी नव्याने शिकवायला नको. तरीही लेन्स घेताना ते कुणी मांडत नाही, याचं नवल वाटतं.

उलटा हिशेब घरातल्या समारंभाचा. दहा बाय बाराच्या खोलीत हळद चालू आहे, छायाचित्रकार भिंतीला पाठ लावून उभा आहे, समोरची माणसं तीन मीटरवर. अशा वेळी ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये जेमतेम १.४ मीटर रुंदीचं दृश्य मावतं. नवरीच्या दोन्ही बाजूंच्या मावश्या बाहेरच. १८ मिलिमीटरला तीच रुंदी जवळपास चार मीटर होते. इथे महागडी दूरची लेन्स काही कामाची नाही. फुकट आलेली छोटी लेन्सच काम करते. फक्त नवरीचा एकटीचा चेहरा तिने फार जवळून टिपू नये. हातभर अंतरावरून नाक कानांच्या मानाने खूप जवळ असतं, म्हणून ते मोठं दिसतं. दोष लेन्सला दिला जातो, पण तो अंतराचा असतो. दोन मीटर मागे सरून ५०ने घेतलेला चेहरा आपल्याला ओळखीचा वाटतो, कारण एरवीही आपण माणसांना साधारण तेवढ्याच अंतरावरून पाहतो.

अंतराचा हा खेळ चाळीसगावातच एका माणसाने आयुष्यभर केला. केकी मूस (१९१२-१९८९) यांनी आयुष्याची कित्येक दशकं घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला. त्यांची ख्याती ‘टेबलटॉप’ छायाचित्रणाची, म्हणजे टेबलावर लहानसहान वस्तू मांडून त्यातून मोठ्या दृश्याचा भास निर्माण करण्याची. त्यामागचं शास्त्र असं की, कॅमेरा खाली आणि जवळ नेला की काडीचंही झाड होतं. पण जवळ गेल्यावर समोरचं स्पष्ट आणि मागचं धूसर होतं, आणि भास तिथेच मोडतो. तो टिकवायचा तर लेन्सचं छिद्र बारीक करावं लागतं आणि प्रकाश कमी पडतो म्हणून झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. टेबलावरची वस्तू हलत नाही, तेव्हा ते जमतं. रानपिंगळा एवढा वेळ थांबणार नाही.

छिद्राचा विषय निघाला की अजिंठ्याला जावं. जळगावहून साठेक किलोमीटर. बाहेर उन्हाचा भपका, आत पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर मंद उजेड, आणि फ्लॅशला बंदी. डोळ्याची बाहुली उन्हात दोन मिलिमीटरची असते, अंधारात ती सातपर्यंत मोठी होते. बाकीचं काम दृष्टिपटल करतं, पण त्याला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून आत शिरल्याबरोबर काही दिसत नाही आणि थोडं थांबलं की रंग उमटू लागतात. लेन्सची बाहुली मात्र कंपनीने ठरवून दिलेल्या मापापलीकडे उघडत नाही. ते माप म्हणजे लेन्सवरचा ‘एफ’चा आकडा. नाभीय अंतराला त्या आकड्याने भागलं की छिद्राचा व्यास मिळतो. ५० मिलिमीटर एफ १.८च्या लेन्सचं छिद्र २८ मिलिमीटरचं, तर ५५वर एफ ५.६पर्यंतच उघडणाऱ्या साध्या लेन्सचं जेमतेम दहाचं. सेन्सरवर पडणाऱ्या प्रकाशात जवळपास दहापट फरक पडतो. एकीला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, तिथे दुसरीला दहावा भाग लागतो, आणि एवढ्या वेळात हात हलतोच.

रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४पासून अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या नकला केल्या, पुढे तो तिथे कॅमेराही वापरू लागला. त्याने काढलेले फोटो १८६४च्या पुस्तकात छापले गेले. त्याची कबर भुसावळला आहे. त्या काळच्या कॅमेऱ्यांना झडप उघडून बराच वेळ वाट पाहावी लागे. आज तीच सवलत दहा हजारांच्या आसपास मिळणाऱ्या एका छोट्याशा लेन्समध्ये आहे. ५० मिलिमीटर एफ १.८ ही बहुतेक कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्तांपैकी असते, आणि नवशिक्याने दुसरी लेन्स घ्यायचीच असेल तर हीच. तिच्यात झूम नाही, पुढे-मागे पायांनीच व्हावं लागतं. शिवाय पूर्ण उघडल्यावर दोन मीटरवरच्या चेहऱ्याचा वीतभर भागही स्पष्ट राहत नाही, त्यामुळे फोकस डोळ्यावर नेमका हवा.

मग लांबची लेन्स घेऊच नये का? पक्ष्यांचाच ध्यास असेल तर घ्यावी, पण आपल्याकडच्या मे महिन्याची एक गोष्ट लक्षात ठेवून. पारा पंचेचाळिसावर गेला की तापलेल्या जमिनीवरची हवा थराथरांनी वर चढते. प्रत्येक थराची घनता निराळी, म्हणून प्रकाश वाकत येतो आणि दूरचं सगळं थरथरतं. लेन्स जितकी लांब, तितकी ही थरथरही मोठी दिसते. दीड लाखाची लेन्सही तिच्यावर उपाय करू शकत नाही. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात पहाटे जाऊन, थोडं जवळ सरकून ३०० मिलिमीटरने जे मिळतं, ते मे महिन्याच्या दुपारी ६००ने मिळत नाही. आणि लांब लेन्समधून, विशेषतः आरसा असलेल्या कॅमेऱ्यात डोळा लावून, सूर्याकडे कधीच पाहू नये, ग्रहणातही नाही. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे ते भाजलं जातं तेव्हा पत्ता लागत नाही.

पैसे घालण्याआधी मागच्या सहा महिन्यांतले आपले फोटो उघडून पाहावेत. प्रत्येक फोटोच्या माहितीत नाभीय अंतर नोंदलेलं असतं. बहुतेक फोटो १८ला अडकलेले असतील तर गरज रुंद लेन्सची, ५५ला अडकलेले असतील तर लांबची, आणि संध्याकाळचे बहुतेक हललेले असतील तर मोठ्या छिद्राची. जुनी लेन्स घेत असाल, तर ती अंधाऱ्या खोलीत न्या, एका टोकाने मोबाइलचा टॉर्च लावा आणि दुसऱ्या टोकाने तिरकं पाहा. धुळीचे दोन-चार कण दिसले तर चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले, तर ती पावसाळ्यात दमट कपाटात वाढलेली बुरशी आहे. ती काचेवरचा लेप खाते आणि साफ केली तरी डाग राहू शकतो. ती लेन्स किती का स्वस्त मिळेना, परत करावी.