पाण्यात बुडणारं लाकूड

लाकूड पाण्यावर तरंगतं, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण लाकडाचीच एक कांडी अशी आहे की ग्लासभर पाण्यात टाकली तर थेट तळ गाठते. तिथे काही मिनिटांत फुगते, उकलते आणि पाहता पाहता तिचा भुसा होतो. जाडी ६ मिलिमीटर, लांबी दोन-तीन सेंटिमीटर. हिला म्हणतात वुड पेलेट. ऑस्ट्रिया, स्वीडन, उत्तर इटलीत लाखो घरांचा हिवाळा या कांड्यांवर निघतो.

लाकूड बुडावं इतकं घट्ट झालं कसं? आणि भुशाला धरून ठेवतं कोण? डिंक, सरस, रसायन यांतलं काही नाही. फार तर चिमूटभर स्टार्च. धरून ठेवतं ते लाकूडच.

सॉ मिलमध्ये ओंडक्याच्या फळ्या निघाल्या की भुशाचे ढीग उरतात. ताज्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. तो भुसा सुकवून पाण्याचा अंश दहा टक्क्यांच्या आसपास आणतात, बारीक करतात, थोडी वाफ देतात आणि पोलादी रोलरखाली भोकांच्या जाड डायमधून दाबून काढतात, सोऱ्यातून शेव पाडावी तसा. घर्षणाने भुसा शंभर अंशांच्या आगेमागे तापतो आणि इथेच खरी गंमत घडते. लाकडाच्या पेशीभित्तिकांत लिग्निन नावाचा पदार्थ असतो. शंभर फूट उंचीचा स्प्रूस वाऱ्यात ताठ उभा राहतो तो याच्या जोरावर. उष्णतेने हे लिग्निन मऊ पडतं, कणाकणांच्या फटींत शिरतं आणि कांडी निवली की घट्ट होतं. झाडाला उभं ठेवणारा पदार्थच झाडाच्या चुऱ्याला पुन्हा एकजीव करतो!

मला याहून अधिक थक्क करते ती दुसरी गोष्ट. दगडी कोळसाही मुळात वनस्पतीच. तीसेक कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींत झाडं गाडली गेली, आणि सहजी न कुजणाऱ्या लिग्निनचा त्या कोळशात मोठा वाटा आहे. तिथे भूगर्भाचा दाब आणि कोट्यवधी वर्षं लागली. इथे घट्ट इंधन व्हायला डायमधले काही क्षण पुरतात. आपल्याकडे बगॅस, शेंगांची टरफलं, भुसा दाबून जो ‘पांढरा कोळसा’ कारखान्यांच्या बॉयलरसाठी बनवतात, त्यातही बांधणारं असतं ते हेच लिग्निन.

कांडीचा दुसरा गुण म्हणजे ती वाहते. ऑस्ट्रियातल्या गावात पेलेटचा टँकर दारात उभा राहतो, जाड पाइप घराच्या कोठीला जोडतात आणि हवेच्या झोताने टनावारी कांड्या आत सोडतात. दुसरा पाइप धूळ ओढून घेतो. कोठीच्या उतरत्या तळाशी फिरणारा स्क्रू लागेल तेवढंच इंधन बॉयलरकडे सरकवतो. गरम हवेच्या झोताने ते आपोआप पेटतं, धुरातला प्राणवायू मोजणारा सेन्सर हवेचं प्रमाण सांभाळतो. ना कुऱ्हाड, ना मोळी. चांगला बॉयलर इंधनातली नव्वद टक्क्यांच्या वर उष्णता घराला देतो. दोन किलो पेलेटमध्ये साधारण एक लिटर हीटिंग ऑइलएवढी ऊर्जा असते, आणि उत्तम प्रतीचे एक टन पेलेट जाळल्यावर राख उरते ७ किलोच्या आत.

मात्र या कांड्या साठवणीतही स्वस्थ नसतात. लाकडातल्या स्निग्धाम्लांचा हवेशी संयोग होऊन कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही. २००६ मध्ये स्वीडनच्या हेल्सिंगबोर्ग बंदरात कॅनडाहून आलेल्या पेलेटच्या जहाजावर एक खलाशी यानेच दगावला. युरोपात राहणाऱ्या वाचकांपैकी कुणाच्या तळघरात अशी कोठी असेल, तर ती हवेशीर ठेवा आणि हवा खेळवल्याशिवाय आत पाऊल टाकू नका.

आता हिशेब कार्बनचा. धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड लाकडाचा म्हणून कमी नसतो. तेवढ्याच ऊर्जेमागे तो कोळशाहूनही थोडा जास्तच भरतो. फरक एवढाच की तो झाडाने हवेतूनच घेतलेला असतो आणि नवं झाड तो पुन्हा घेऊ शकतं. पण झाड वाढायला कैक दशकं लागतात. म्हणून पेलेट कशाचं आणि कुठे जाळलं, यावर सगळं ठरतं. इंग्लंडमध्ये यॉर्कशरचं ड्रॅक्स वीजकेंद्र कोळसा सोडून पेलेटवर आलं. त्यांतले बरेचसे अमेरिकेच्या आग्नेय भागातून अटलांटिक ओलांडून येतात, आणि नुसती वीज करताना निम्म्याहून अधिक उष्णता हवेत जाते. याउलट ऑस्ट्रियात जवळजवळ निम्मा देश जंगलाखाली आहे आणि फळ्या कापताना भुसा निघतोच.

गावच्या सॉ मिलचा भुसा त्याच गावातलं तेल वाचवत असेल, तर पेलेटएवढं चांगलं इंधन थोडं. उभं जंगल तोडून, समुद्रापलीकडे नेऊन, निम्मी उष्णता उधळून जाळायचं असेल, तर त्याला तेला-कोळशाचा पर्याय म्हणू नये.