डिझेल मोटारीचा धूर व त्याची सक्तीची तपासणी

काळा धूर म्हणजे पुरते न जळालेले इंधन होय, ही गोष्ट विहिरीवर डिझेल इंजिन चालविलेल्या शेतकऱ्यास निराळी सांगावयास नको. इंजिन काळे ओकू लागले की नोझल बिघडले किंवा हवा कमी पडली, हे तो ताबडतोब ओळखतो व मिस्त्रीस बोलावितो. परंतु तोच गृहस्थ दारातील डिझेल मोटारीच्या धूर-तपासणीकडे मात्र सरकारी कटकट म्हणून पाहतो, आणि कसाबसा दाखला पदरात पडला की सुटलो असे मानतो. ही समजूत त्याच्याच नुकसानीची आहे. म्हणून या तपासणीची रीत व तिचे मर्म आम्ही येथे वाचकांपुढे मांडीत आहोत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११५ व्या नियमान्वये, पहिल्या नोंदणीस एक वर्ष पुरे झाल्यावर गाडीबरोबर प्रदूषण नियंत्रणाचा, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील पीयूसीचा, चालू मुदतीचा दाखला असावा लागतो. भारत स्टेज ४ व त्यापुढील गाड्यांस या दाखल्याची मुदत एक वर्षाची, तर त्यापूर्वीच्या गाड्यांस सहा महिन्यांची असते. स्टेज ४ चे प्रमाण देशभर १ एप्रिल २०१७ पासून व स्टेज ६ चे १ एप्रिल २०२० पासून लागू झाले.

पेट्रोलच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन या वायूंचे प्रमाण पाहतात. डिझेलच्या गाडीत धुराची दाटी मोजतात. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून सायलेन्सरच्या तोंडात नळी बसवितात. मग अ‍ॅक्सिलरेटर झटकन पुरता दाबून इंजिन कमाल वेगास नेतात व सोडून देतात. असे अनेकवार करतात. आलेला धूर धूरमापक यंत्रात प्रकाशकिरणाच्या आड येतो. जितका प्रकाश अडेल तितका धूर दाट. आरंभीच्या झटक्यांत नळकांड्यातील साचलेली काजळी निघून जाते, म्हणून पुढील जुळत्या आकड्यांची सरासरी धरतात. प्रकाशशोषणाचा हा आकडा स्टेज ४ पूर्वीच्या गाडीस दर मीटरला २.४५ व स्टेज ४ च्या गाडीस १.६२ यांहून अधिक असता कामा नये. स्टेज ६ च्या गाडीस मर्यादा याहून कडक आहे.

तपासणीस जाताना इंजिन चांगले तापलेले असावे. थंड इंजिन विनाकारण धूर टाकते. त्याआधी एअर फिल्टर पाहावा. आपल्याकडील धुळीच्या गाडीवाटांवर तो लवकर चोंदतो, आणि हवा कमी पडली की धूर काळा होतो. फिल्टर स्वच्छ असूनही काळा धूर राहिल्यास इंजेक्टर तपासून घ्यावेत. निळसर धूर दिसल्यास वंगणतेल जळत आहे असे समजावे. गाडी नापास झाल्यास २०२१ सालापासून नकारपत्र देण्याची तरतूद आहे. ते मिस्त्रीस दाखवावे, दुरुस्ती करून घ्यावी व पुन्हा तपासावे.

कोठेकोठे गाडी न तपासताच दाखला देण्याचा व्यवहार चालतो. दिल्लीतील वाहनप्रदूषणाविषयीचा महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२५ साली तेथील विधानसभेपुढे आला. त्यात मर्यादेबाहेर धूर टाकणाऱ्या डिझेल गाड्याही उत्तीर्ण ठरविल्याचे नमूद आहे. असा दाखला घेणाराने ध्यानात ठेवावे की, ११६ व्या नियमान्वये दाखल्याची मुदत शिल्लक असली तरी संशय आल्यास अधिकारी पुन्हा तपासणी फर्मावू शकतो. मर्यादा मोडणाऱ्यास, २०१९ साली सुधारलेल्या कायद्याप्रमाणे, पहिल्याच अपराधास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विम्याच्या नूतनीकरणास हा दाखला हवाच, अशी सर्वोच्च न्यायालयाची २०१७ ची अट २०२४ साली त्याच न्यायालयाने मागे घेतली. दाखल्याची सक्ती मात्र कायम आहे.

ही तपासणी सर्वांगपूर्ण आहे असे आमचे म्हणणे नाही. उभ्या गाडीचा धूर व भरल्या गाडीने घाट चढतानाचा धूर यांत अंतर असते; शिवाय डिझेलपासून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड धूरमापकास मुळीच दिसत नाहीत. तथापि जो बिघाड या साध्या चाचणीतही लपत नाही, तो दुर्लक्षिण्याजोगा खास नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर मनुष्यास कर्करोगकारक ठरविला. अंगणात गाडी चालू ठेवली असता हा धूर प्रथम घरच्याच माणसांच्या छातीत जातो. बियाणे घेताना उगवणशक्तीची चिठ्ठी आपण निरखून वाचतो. दाखल्यावरील धुराचा आकडाही तसाच वाचावा व मागील वर्षाच्या आकड्याशी ताडून पाहावा. तो चढत असेल तर, गाडी उत्तीर्ण असली तरी, मिस्त्रीकडे जाण्याची वेळ आली असे समजावे.