लदेणीचा अंत आणि नाशिककडील वंजारी

1 जानेवारी 1865 रोजी कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातील लोहमार्ग खुला झाला आणि मुंबई बंदर व देश यांमधील मोठा अडसर दूर झाला. बैलांच्या पाठीवर गोणी लादून शतकानुशतके मालाची ने-आण करणाऱ्या वंजारी-लमाणांचा धंदा आगगाडीने बुडविला आणि मग ते शेतीकडे वळले, असे सामान्यतः लिहिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते या विधानाचा पूर्वार्ध अपुरा आहे आणि उत्तरार्ध फारच घाईचा.

प्रथम या धंद्याचे, म्हणजे लदेणीचे, स्वरूप पाहिले पाहिजे. 1632 साली पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला आग्र्याच्या पुढील वाटेवर चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. हा आकडा अंदाजाचा मानला तरी व्यवहाराचा आवाका त्यावरून ध्यानात येतो. फ्रेंच जवाहिऱ्या तावर्निये याने धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ वाहणाऱ्यांचे चार निरनिराळे वर्ग नोंदविले आहेत. तांड्याबरोबर बायकामुले असत, वाटचाल दिवसाकाठी तीन-चार कोसांची असे, आणि मुक्काम कोठे करावा, भाडे काय ठरवावे, तंटा कसा मिटवावा हे सर्व नाईक पाहत असे. कोकणातून मीठ वर चढे, देशावरून धान्य खाली उतरे. पावसाळ्यात तांडा एका जागी थांबे. सैन्याचा दाणागोटा हे त्यांचे दुसरे मोठे काम. मोगलांच्या दक्षिणेतील मोहिमा त्यांच्यावाचून चालल्या नसत्या. 1803 साली असईच्या लढाईपूर्वी वेलस्लीची फौजही त्यांच्याच बैलांवर अवलंबून होती.

एक बैल साधारणतः शंभर-सव्वाशे किलोग्रॅम ओझे नेतो. दोन बैलांची गाडी अशा सात-आठ बैलांचा भार सहज ओढते. मग गाडीपुढे गोणी इतकी वर्षे टिकली कशी? एक उत्तर रस्त्यांच्या अभावात आहे, हे उघड आहे. दुसरे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे, उत्तर गवतात आहे. तांड्याच्या बैलाला विकतचा चारा लागत नसे. वाटेवरील पडीत जमीन, गायराने, रानातील कुरणे यांवर तो चरत चरत पुढे जाई. वाहतुकीचा दर स्वस्त पडे तो या फुकट चराईमुळे.

त्यामुळे ऱ्हासाचा आरंभ आगगाडीच्या आधी शोधावा लागतो. 1818 साली मराठेशाहीचा शेवट झाला, त्याच वर्षी मालेगावचा किल्ला पडला, आणि फौजांना रसद पुरविण्याचे काम या भागात जवळजवळ संपले. पुढे मुंबई-आग्रा मार्गावर थळ घाटातून गाड्या जाऊ लागल्या. सुमारे 1840 नंतर जमिनीची पाहणी व नवी आकारणी झाली, पडीत शेते लागवडीखाली आली. 1865 व 1878 च्या जंगल कायद्यांनी राखीव रानांत गुरे घालण्यावर बंधने आली. गाडीवानाला दोन बैलांची वैरण पुरेशी होती. शेकडो बैलांच्या नाइकाला ती विकत घेणे अशक्य होते. आगगाडी आली ती या अवस्थेत.

येथे अमेरिकेतील गुराख्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. टेक्सासमधून गुरांचे प्रचंड कळप उत्तरेकडे हाकीत नेण्याचा धंदा तेथे लोहमार्गानेच वाढविला: 1867 साली कॅन्ससमधील ॲबिलीन स्थानकावर गुरे चढविण्याची सोय झाली, म्हणजे थळ घाटाचा मार्ग खुला झाल्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी. वीस-पंचवीस वर्षांत तो धंदा संपला. लोहमार्ग टेक्सासपर्यंत पोहोचले हे एक कारण. पण 1874 साली ग्लिडनने पेटंट घेतलेल्या काटेरी तारेने मोकळी कुरणे बंदिस्त केली, हे दुसरे. तेथील गुराखी कुंपणे दुरुस्त करणारा आणि हिवाळ्यासाठी गवत कापणारा पगारी गडी बनला. कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी त्याला वीरपुरुष केले, ही गोष्ट वेगळी. आमच्या नाइकाच्या वाट्याला गॅझेटियरमधील एखादे पान आले.

लदेणी सुटल्यावर सर्वांची वाट एक नव्हती. लोहमार्गाने स्थानकांपर्यंत माल आणण्याचे काम उलट वाढले. ज्यांना बैल विकून गाडी करता आली ते काही काळ त्यात तगले. पेठ-सुरगाण्याच्या डोंगराळ मुलखात, जेथे गाडीची वाट नव्हती, तेथे पाठीवरचे ओझे अधिक काळ टिकले. परंतु 1876-78 च्या दुष्काळात गुरे मोठ्या प्रमाणात मेली, आणि गेलेला बैल पुन्हा घेण्यास धंद्यात कस उरला नव्हता. सिन्नर, निफाड, येवले, नांदगाव या तालुक्यांत वंजारी शेतकरी म्हणून स्थिरावले. पण सर्वांना सारखी जमीन लाभली नाही. गोदावरीच्या कालव्यांचे पाणी निफाडकडील काही गावांना मिळाले. सिन्नरचा पूर्वभाग आणि नांदगाव कोरडेच राहिले. ‘शेतीकडे वळले’ या दोन शब्दांत हे सारे अंतर झाकले जाते.

ज्यांना जमीनच मिळाली नाही त्यांची अवस्था अधिक बिकट झाली. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आणि त्याची 1911 ची व्यापक आवृत्ती यांच्या दृष्टीने सतत फिरणारा माणूस हाच संशयित होता. ज्या फिरण्यावर सैन्ये पोसली गेली तेच आता पोलिसी नोंदीचा विषय झाले. हा कायदा 1952 साली रद्द झाला. आज महाराष्ट्राच्या सूचीत बंजारा हे विमुक्त जातींत, तर वंजारी हे भटक्या जमातींच्या ‘ड’ गटात आहेत. दोहोंचे मूळ एक की भिन्न, हा वाद जुना आहे व त्याचा निर्णय येथे करावयाचा नाही. बंजारांनी गोरमाटी बोली राखली, नाशिककडील वंजारी मराठीच बोलतात. पण लदेणीचा धंदा दोघांच्याही पूर्वेतिहासात आहे.

सहकारी साखर कारखाने वाढले, आणि विशेषतः 1972 च्या दुष्काळानंतर, ऊसतोडणीत या दोन्ही समाजांचा भरणा मोठा झाला. नांदगाव, चाळीसगाव, कन्नड, तसेच दक्षिणेस बीड या कोरडवाहू भागांतून दसरा-दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे निघतात व पावसाळ्यापूर्वी परततात. उचल देणारा आणि टोळी बांधणारा मुकादम पाहिला की नाइकाची आठवण होते. साम्य मात्र फार ताणू नये: नाईक आपल्या तांड्याच्या बैलांसह व्यापार करी, मुकादम कारखान्याच्या पैशावर मजुरांना बांधून घेतो. ज्या टोळ्या अजून बैलगाडी हाकतात त्यांच्या हिशेबात एक बाब मात्र ओळखीची आहे. उसाचे वाढे तोडणाऱ्याचे मानले जाते. त्यावर तो आपले बैल पोसतो, आणि उरलेल्या भेळ्या बांधून गावात विकतो.