ॲम्प्लिफायरची वीज आणि तिची राखण

ॲम्प्लिफायर आवाज मोठा करतो असे आपण म्हणतो, पण स्पीकर हलवणारी ताकद येते ती भिंतीवरच्या सॉकेटमधून. माइककडून आलेला क्षीण संकेत त्या विजेला फक्त आवर घालतो किंवा मोकळी सोडतो. म्हणून व्यावसायिक ॲम्प्लिफायरची खरी कसोटी त्याच्या पॉवर सप्लायमध्ये लागते.

चेन्नईत ही कसोटी दरवर्षी लागते. डिसेंबर-जानेवारीतल्या मार्गळी महिन्यात, १९२८ साली स्थापन झालेल्या म्युझिक अकॅडमीपासून मैलापूरच्या छोट्या संगीतसभांपर्यंत, दिवसभर मैफली चालू असतात. बंगालच्या उपसागरातली वादळेही याच सुमारास येतात. १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वर्दा’ चक्रीवादळ शहरावर आदळले तेव्हा झाडांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. आडी या तमिळ महिन्यात अम्मन देवीच्या देवळांसमोर रस्त्यावरच मांडव पडतात. तिथे जनरेटर आणि तात्पुरती वायरिंग हाच आधार. त्यात समुद्राची खारी, दमट हवा प्लग आणि जोड गंजवत असतेच.

जुन्या पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमध्ये जड ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्ट उतरवतो, रेक्टिफायर त्याचे डीसी करतो आणि मोठे कपॅसिटर ती वीज टाकीसारखी साठवतात. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर ही टाकी सेकंदाला शंभर वेळा भरते, म्हणजे दोन भरण्यांमध्ये सुमारे १० मिलिसेकंद. मृदंगाच्या एका जोरदार थापेला १० अँपिअर लागले आणि कपॅसिटर १०,००० मायक्रोफॅरडचा असला, तर तेवढ्या वेळात व्होल्टेज साधारण १० व्होल्टनी खाली येते. ७० व्होल्टच्या पुरवठ्याला ते परवडते. पण मुळात मेन्स, म्हणजे सॉकेटमधला पुरवठाच, ढिला असेल तर थापेचा माथा कापला जातो आणि आवाज फाटतो.

बरेचदा हा ढिलेपणा वीजमंडळाचा नसून वायरचा असतो. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ५० मीटर ओढली, तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे १.२ ओहम होतो. १० अँपिअरला १२ व्होल्ट वाटेतच गेले. जाड केबल महाग पडते, म्हणून ती टाळली जाते; मग दोष मात्र ॲम्प्लिफायरला.

आजचे हलके ॲम्प्लिफायर एसएमपीएसवर चालतात. त्यांत मेन्सचे थेट डीसी होते, साधारण ३२५ व्होल्ट. अतिवेगाने चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर ते छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पुढे पाठवतात. चांगल्या यंत्रांत पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किटही असते. ते प्रवाह लचक्यांऐवजी सलग ओढते आणि ९० ते २६५ व्होल्टपर्यंतचे चढउतार पचवते. दोन्ही प्रकारांत बटण दाबताक्षणी प्रवाहाचा लोंढा येतो. तो सुरुवातीला एका रोधातून जाऊ देतात आणि क्षणभराने रिले त्या रोधाला बगल देतो. रॅकमधले सगळे ॲम्प्लिफायर एकदम चालू केले की पॅनेलवरचा एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप तुटणारा स्विच) पडतो तो याच लोंढ्यामुळे. ते एकेक करून चालू करावेत.

सर्वांत घातक प्रसंग म्हणजे तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटणे. समजा, एका फेजवर ४,००० वॅटचे दिवे आहेत, दुसऱ्यावर निवांत बसलेले ४०० वॅटचे ॲम्प्लिफायर, आणि जनरेटरच्या टर्मिनलवरचा न्यूट्रलचा स्क्रू सैल झाला. आता दोन्ही भार ४०० व्होल्टच्या मध्ये एकामागे एक जोडल्यासारखे होतात आणि हलक्या भाराच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येते. ढोबळ हिशेबाने ३६० च्या वर. म्हणजे शिखराला ५०० व्होल्टहून अधिक, तर आतले कपॅसिटर सहसा ४०० किंवा ४५० व्होल्टचे. दिवे मंद होतात आणि ॲम्प्लिफायरमधून धूर येतो.

इथे फ्यूजच्या पुढे बसवलेला व्हॅरिस्टर उपयोगी पडतो. विजेचा क्षणिक झटका तो स्वतः गिळतो. व्होल्टेज चढेच राहिले तर स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो. अण्णा सालईलगतच्या रिची स्ट्रीटसारख्या बाजारात तो काही रुपयांत मिळतो. उडालेल्या फ्यूजची काचही बोलते: काळी-चंदेरी झाली असेल तर शॉर्ट, स्वच्छ काचेत तार नुसती वितळली असेल तर जादा भार. कारण न शोधता जास्त अँपिअरचा फ्यूज घालणे म्हणजे ट्रान्सफॉर्मरलाच फ्यूज करणे. त्यापेक्षा मुख्य पॅनेलवर व्होल्टेज मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारा रिले बरा.

उरते अर्थिंग. मिक्सर आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झाले की स्पीकरमधून गुणगुण येते. ती घालवायला प्लगची तिसरी, अर्थची पिन काढणारे महाभाग सगळीकडे आहेत. गुणगुण थांबते, पण आत फेजची तार सुटून यंत्राच्या धातूच्या पेटीला लागली तर धातूचा माइक धरलेल्या गायकाच्या हातापर्यंत मेन्स पोहोचू शकतो. सगळ्या यंत्रांना एकाच पॅनेलवरून वीज द्यावी, संकेताच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा आणि पॅनेलवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळणारा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. तिसरी पिन जागेवर ठेवूनही गुणगुण जाते.